भिंतीवरची हवा कुणाची? बेसबॉलमधला सीमेवरचा झेल, क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी तर्री पोहे खाताना कॉलनीतल्या पोरांनी मोबाइलवर एक क्लिप दाखवली. बोस्टनचं फेनवे पार्क, १ ऑगस्ट २०१७. हॅन्ली रामिरेझने मारलेला चेंडू उजवीकडच्या बुलपेनकडे, म्हणजे भिंतीपलीकडे राखीव पिचर (गोलंदाज) सराव करतात त्या जागेकडे, चाललाय. क्लीव्हलँडचा ऑस्टिन जॅक्सन पळत येतो, जेमतेम पाच फुटांच्या भिंतीवर झेपावतो, चेंडू पकडतो आणि उलटापालटा होऊन थेट पलीकडे पडतो. मग पलीकडूनच ग्लोव्ह वर करून दाखवतो. अंपायर म्हणतो, आउट.

"अबे, गडी तर बाउंड्रीबाहेर पडला न! सिक्स झाला न हा. आउट काहून?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर हाच झेल कुणी घेतला असता तर सहा धावा गेल्या असत्या आणि वरून गोलंदाजाच्या शिव्या पडल्या असत्या. पण बेसबॉलमध्ये तो स्वच्छ झेल आहे. यात अंपायरची मेहेरबानी काही नाही, नियमच वेगळ्या विचाराने लिहिलेला आहे. क्रिकेटचा दोर विचारतो, चेंडू हातात असताना तुझं अंग कुठे टेकलं? बेसबॉलची भिंत विचारते, चेंडू हातात आला तेव्हा तू कुठे होतास, आणि नंतर तो हातात राहिला का? पडायचं कुठे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आधी मैदान समजून घेऊ. बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उघडत जातं. टोकाशी होम प्लेट असते, तिथे बॅटर उभा असतो. तिथून दोन्ही बाजूंना दोन फाउल रेषा निघतात. त्या दोन रेषांमध्ये पडलेला चेंडू चालतो, बाहेर गेला तो फाउल. समोर, दूरवर भिंत. चालू हद्दीतला चेंडू टप्पा न पडता या भिंतीवरून गेला की होम रन, म्हणजे बॅटर आणि बेसवर (धाव पूर्ण करायला क्रमाने गाठायच्या थांब्यांवर) थांबलेले त्याचे सगळे साथीदार आरामात धाव पूर्ण करतात. १ जून १९५८ नंतर बांधलेल्या व्यावसायिक मैदानांसाठी फाउल रेषांवर भिंत किमान ३२५ फूट म्हणजे ९९ मीटर आणि मधोमध ४०० फूट म्हणजे १२२ मीटर दूर हवी असं नियमात लिहिलंय. आपल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमा जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे साधारण ८२ मीटर असते. तेव्हा जामठ्याची सीमा मोठी म्हणून आपण मिरवतो, पण या हिशेबात तीही जवळचीच.

भिंतीची उंची मात्र नियमाने ठरलेली नाही. त्याच फेनवे पार्कमध्ये डावीकडची हिरवी भिंत ३७ फुटांहून उंच आहे. तिथे होम रन अडवायला उडी मारणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धोतर खालून ओढायला जाणं. उजवीकडच्या बुलपेनची भिंत मात्र छातीपर्यंतची. सगळी नाट्यं अशा बुटक्या भिंतींवर घडतात.

आता झेल. बेसबॉलच्या नियमपुस्तकात त्याची व्याख्या लांबलचक आहे, पण गाभा एवढाच: हवेतला चेंडू हातात किंवा ग्लोव्हमध्ये घट्ट धरायचा आणि आपला त्यावर पूर्ण ताबा आहे हे दिसेल इतका वेळ धरून ठेवायचा. चेंडू सोडला तर तो आपण होऊन सोडलेला असला पाहिजे, निसटलेला नको. टोपीत, खिशात किंवा शर्टाच्या घोळात पकडलेला चालत नाही.

भिंतीशी संबंधित खरी मेख यापुढे आहे. चेंडू ग्लोव्हमध्ये आला, पण त्याच क्षणी किंवा त्याला लागूनच खेळाडू भिंतीवर आदळला, कुणावर धडकला किंवा पडला, आणि त्यामुळे चेंडू सुटला, तर तो झेल नाही. धडक हा झेलाचाच भाग धरला जातो. म्हणून भिंतीला आपटून खाली कोसळलेला आउटफिल्डर (भिंतीकडच्या भागातला क्षेत्ररक्षक) उठायच्या आधी ग्लोव्ह वर करतो. तो हिरोगिरी करत नसतो, अंपायरला पुरावा देत असतो. जॅक्सनने बुलपेनमधून हात वर केला तो याचसाठी. पडताना चेंडू निसटला असता तर तो होम रन होता.

पण ताबा सिद्ध झाला आणि मग तो फेकण्यासाठी चेंडू ग्लोव्हमधून काढताना हातातून सुटला, तर? तर बॅटर आउटच. हे "मग" नेमकं कधी सुरू होतं, यावर भांडणं होतात. २०१४ मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, रिप्लेचा वापर वाढवला तेव्हा अंपायर इतके काटेकोर झाले की चेंडू ग्लोव्हमधून दुसऱ्या हातात नीट जाईपर्यंत झेल मानेनात. खेळाडू आणि मॅनेजर वैतागले आणि एप्रिल संपता संपता लीगला पूर्वीच्या पद्धतीवर यावं लागलं. माझ्या मते बरं झालं. नाहीतर झेल कोण घेतो यापेक्षा मुठीत चेंडू कोण चांगला धरतो याची स्पर्धा झाली असती.

आता पायांकडे येऊ, कारण पोह्याच्या गाडीवरचा वाद तिथेच होता. नियम सांगतो की झेल घेण्यासाठी खेळाडू कुंपण, कठडा किंवा दोरी यांच्या पलीकडे हात घालू शकतो. भिंतीवर पाय रोवून चढलेलाही चालतो. मात्र पलीकडे जाऊन उभं राहून झेल घेता येत नाही. फाउल गेलेला चेंडूही हवेत पकडला तर बॅटर आउट असतो. डग-आउट (खेळाडूंच्या बसायच्या जागा) आणि प्रेक्षकांजवळच्या अशा फाउल झेलांसाठी हे अगदी स्पष्ट लिहिलंय: निदान एक पाय खेळाच्या जमिनीवर किंवा तिच्या वरच्या हवेत हवा आणि दोन्हींपैकी एकही पाय पलीकडच्या जमिनीला टेकलेला नको. एवढं जमलं आणि चेंडू पक्का झाला, की मग तुम्ही पलीकडे कोलमडा, बाकावर पडा, राखीव पिचरच्या मांडीवर बसा. बॅटर परत जायला निघतो.

क्रिकेटचं याच्या उलट. तिथे उडी आतून मारली पाहिजे हे तर आहेच, पण झेल पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चेंडू आणि स्वतःचं अंग दोन्ही ताब्यात येईपर्यंत, सीमेला किंवा तिच्या पलीकडे काही टेकता कामा नये. २९ जून २०२४, ब्रिजटाउन, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचं षटक, हार्दिकचा पहिला चेंडू. मिलरचा फटका सूर्यकुमारने पकडला, तोल सीमेबाहेर जातोय हे कळताच चेंडू हवेत उडवला, बाहेर पाऊल टाकलं, आत येऊन पुन्हा पकडला. बेसबॉलमध्ये हे उडवाउडवीचं काम लागलंच नसतं. पहिल्यांदा पकडला तिथे ताबा पक्का असता, तर तो चेंडू छातीशी धरून सरळ जाहिरातीच्या फळ्यांवर जाऊन पडला असता, तरी मिलर आउट.

आणि म्हणूनच क्रिकेटला असल्या कसरतींचे नियम पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागतात. १ जानेवारी २०२३ ला बिग बॅशमध्ये मायकेल नेसरने सीमेच्या बाहेर जाऊनही उडी मारून, हवेत असतानाच चेंडू वर ढकलला आणि आत येऊन पकडला. जॉर्डन सिल्क आउट. त्या वेळच्या नियमात ते बसत होतं, पण बघणाऱ्या निम्म्या जगाला ते पटलं नाही. आता तसं चालत नाही: सीमेबाहेर गेल्यावर हवेतून चेंडूला एकदाच हात लावता येतो आणि नंतर आतच यावं लागतं. आयसीसीने जून २०२५ पासून हे लागू केलं, एमसीसीच्या कायद्यात ते ऑक्टोबर २०२६ पासून येतं. बेसबॉलवाल्यांना हे सगळं वाचून गंमत वाटेल. त्यांच्याकडे दोर नाही, भिंत आहे. माणसाला थांबवायचं काम भिंत करते, नियमाला फारसं करावं लागत नाही.

भिंत थांबवते म्हणजे कशी, हेही बघा. ब्रुकलिन डॉजर्सचा पीट रायझर १९४० च्या दशकात झेल घ्यायला पळताना भिंतींवर इतक्यांदा आदळला की त्याची कारकीर्दच त्यात संपत गेली. डॉजर्सच्या एबेट्स फील्डवर मग भिंतीला गाद्या लागल्या. आज प्रत्येक मैदानात भिंतीच्या आधी गवत संपून मातीचा पट्टा लागतो, त्याला वॉर्निंग ट्रॅक म्हणतात. वर बघत पळणाऱ्याच्या बुटांखाली गवताऐवजी मुरूम लागला की त्याला कळतं, आता भिंत आली.

झेल घेतल्यावर खेळ थांबतो का? नाही, आणि इथे बेसबॉल खरोखर रंगतं. बेसवर उभे असलेले रनर फटका हवेत असताना पुढे निघून जाऊ शकत नाहीत. म्हणजे जाऊ शकतात, पण झेल झाला तर परत यावं लागतं. परत येऊन बेसला पाय लावायच्या आत चेंडू तिथे पोहोचला, तर तेही बाद. १९ ऑक्टोबर २००६, न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर मेट्स आणि कार्डिनल्स यांचा निर्णायक सातवा सामना, नऊपैकी सहावी इनिंग, १-१ अशी बरोबरी. स्कॉट रोलनने डाव्या भिंतीपलीकडे चेंडू टोलवला. एंडी चावेझने भिंतीवर झेपावून, ग्लोव्हचं टोक पलीकडे नेऊन तो परत ओढला. आयस्क्रीमच्या कोनावरचा गोळा कोनाबाहेर निम्मा लटकावा तसा चेंडू ग्लोव्हच्या काठावर दिसत होता. होम रन झालाच असं समजून पहिल्या बेसवरचा जिम एडमंड्स बराच पुढे गेला होता. चावेझने लगेच चेंडू परत फेकला आणि एडमंड्सही बाद झाला. दोन धावा जाता जाता दोन बळी मिळाले. सामना मात्र मेट्स हरले. नवव्या इनिंगमध्ये यादियर मोलिनाने मारलेला होम रन कुणाच्याच हाताला आला नाही.

पण तोच खेळाडू झेल घेऊन भिंतीपलीकडे पडला असता, तर? तर खेळ तिथे थांबतो आणि बेसवरच्या प्रत्येक रनरला एक बेस फुकट मिळतो. तिसऱ्या बेसवर कुणी असेल आणि हा तिसरा बळी नसेल, तर एक धाव झाली. बॅटर तरीही आउटच. हा त्या मोकळीकीचा दंड समजा: पलीकडे पडायला मुभा आहे, पण चेंडू घेऊन प्रेक्षकांत बसून राहिलात तर रनरने काय करायचं? म्हणून एक बेस.

रनरबद्दलची आणखी एक गोष्ट क्रिकेटवाल्यांना माहीत नसते. झेल एका दमात झाला नाही, चेंडू ग्लोव्हवरून उडाला, दुसऱ्याने पकडला, तरी तो झेल. चेंडू खेळाडूंच्या अंगावरून कितीही उडू दे, तो हवेतच धरला जातो. पण रनरने कधी निघायचं? पहिल्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला त्या क्षणी. शेवटी पकडेपर्यंत थांबायची गरज नाही. नाहीतर एखादा बिलंदर आउटफिल्डर चेंडू मुद्दाम हातावर झेलत झेलत आतपर्यंत पळत आला असता आणि रनर बिचारा बेसला पाय चिकटवून बघत बसला असता.

खेळाडूला लागलेला चेंडू हवेतलाच असतो, पण भिंतीला लागलेला नाही. भिंतीवर आपटून परत आलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आत पकडला, तरी बॅटर आउट नाही. भिंत ही जमिनीसारखीच. हा मुद्दा फार लोकांचा चुकतो, कारण डोळ्याला तो झेलच वाटतो.

याच तर्काने उलटी गोष्टही घडते. हवेतला चेंडू आउटफिल्डरच्या अंगाला लागून चालू हद्दीतल्या भिंतीवरून पलीकडे गेला, तर होम रन. २६ मे १९९३ ला क्लीव्हलँडमध्ये कार्लोस मार्टिनेझचा उंच फटका टेक्सासच्या होजे कान्सेकोच्या डोक्यावर आपटला आणि तिथून उडून थेट भिंतीपलीकडे गेला. होम रन दिला गेला आणि टेक्सास तो सामना ७-६ असा एका धावेने हरलं. तीस वर्षं झाली, लोक अजून ती क्लिप बघून हसतात. चेंडू आधी जमिनीवर टप्पा पडून मग खेळाडूला लागून पलीकडे गेला असता, तर फक्त दोन बेस मिळाले असते.

आणि झेल जमत नाही म्हणून ग्लोव्ह किंवा टोपी फेकून मारली तर? बाहेरच जाणारा चेंडू तसा अडवला, तर अंपायर होम रनच देतो. साधा चालू चेंडू असेल तर ग्लोव्ह फेकून लागल्याबद्दल तीन बेस. कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

यानंतर प्रत्येक मैदानाचे आपले खास नियम येतात. हे नागपूरकराला समजवायला लागू नये. प्रतापनगरच्या गल्लीत एका बंगल्याच्या आवारात थेट गेला की आउट, शेजारच्या गच्चीवर गेला की दोन धावा, आंब्याच्या झाडाला लागून पकडला तर चालतो का यावर आधी सह्या झाल्यासारखं ठरलेलं असतं. मेजर लीगमध्येही सामन्याआधी दोन्ही संघांकडची मंडळी होम प्लेटपाशी अंपायरना भेटतात आणि मैदानाचे नियम बोलून घेतात. शिकागोच्या रिग्ली फील्डची विटांची भिंत वेलींनी झाकलेली आहे. चेंडू वेलीत अडकला की आउटफिल्डर दोन्ही हात वर करतो, अंपायर बघून दोन बेस देतो. शहाणा खेळाडू वेलीत हात घालत नाही. हात घालून शोधायला लागलात, तर चेंडू चालू आहे असं धरलं जातं आणि रनर पळत सुटतात.

आता शेवटचा आणि सगळ्यात भांडणाचा भाग, प्रेक्षक. पलीकडे हात घालायला खेळाडूला मुभा आहे खरी, पण नियमाचे शब्द स्पष्ट आहेत: ते त्याच्या स्वतःच्या जोखमीवर. पलीकडच्या हवेत प्रेक्षकाने चेंडू पकडला, हात आडवा आला, तरी काही दाद मिळत नाही. तिकीट काढून बसलेल्याची ती जागा. मात्र प्रेक्षकाने मैदानाच्या बाजूला हात घालून खेळाडूला झेल घेण्यापासून उघडपणे अडवलं, तर बॅटर आउट. म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून सरळ आभाळापर्यंत एक अदृश्य पडदा आहे. खेळाडू तो ओलांडू शकतो, प्रेक्षक नाही.

९ ऑक्टोबर १९९६, यँकी स्टेडियम, आठवी इनिंग. डेरेक जीटरचा उंच फटका उजव्या भिंतीपाशी आला, ओरिओल्सचा टोनी तारास्को खाली थांबला होता आणि बारा वर्षांच्या एका मुलाने वरून ग्लोव्ह मैदानाच्या बाजूला घालून चेंडू आत ओढला. अंपायर रिच गार्सियाने होम रन दिला. यँकीज ४-३ ने मागे होते ते बरोबरीला आले आणि जादा, अकराव्या इनिंगमध्ये जिंकले. नंतर रिप्ले बघून गार्सियाने मान्य केलं की तो होम रन द्यायला नको होता. तेव्हा रिप्ले मागायची सोय नव्हती. होम रनच्या निर्णयांसाठी ती मेजर लीगमध्ये आली २००८ च्या ऑगस्टमध्ये.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये रिग्लीवर उलटं झालं. शिकागोचा मोइसेस आलू डाव्या बाजूच्या कठड्यापाशी फाउल झेलायला उडाला आणि एका प्रेक्षकाच्या हाताने चेंडू हुकला. आलू चिडला, सगळं शहर चिडलं. पण चेंडू कठड्याच्या पलीकडच्या हवेत होता, म्हणून अंपायरने अडथळा दिला नाही आणि तो निर्णय नियमाला धरूनच होता. त्याच इनिंगमध्ये समोरच्या मार्लिन्सने आठ धावा केल्या. त्या प्रेक्षकाला पुढे लोकांनी जे सोसायला लावलं ते लाजिरवाणं होतं. आठ धावा काही त्याने दिल्या नव्हत्या.

मूकी बेट्स हा आउटफिल्डर या पडद्याच्या वादात दोनदा सापडला. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) चौथ्या सामन्यात तो डॉजर्सकडून खेळत होता. उजवीकडच्या भिंतीपाशी ग्लायबर टोरेसचा फाउल त्याने उडी मारून पकडला, तर पहिल्या रांगेतल्या एका यँकी चाहत्याने त्याचा ग्लोव्ह धरून उघडला आणि चेंडू बाहेर काढला. टोरेस तिथल्या तिथे आउट दिला गेला. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

वाद आधीच्या वेळी झाला. १७ ऑक्टोबर २०१८, ह्यूस्टन, बेट्स तेव्हा बोस्टनचा. पहिल्याच इनिंगमध्ये होजे अल्टुवेने एक साथीदार बेसवर असताना उजव्या भिंतीकडे फटका मारला. बेट्स भिंतीवर उडाला, हात वर नेला आणि प्रेक्षकांच्या हातांच्या गर्दीत त्याचा ग्लोव्ह जणू मिटला गेला. उजव्या बाजूला उभ्या असलेल्या अंपायर जो वेस्टने प्रेक्षकांचा अडथळा सांगून अल्टुवेला आउट दिलं. सगळा प्रश्न इंचांचा होता: हात भिंतीच्या अलीकडे होते की पलीकडे? अलीकडे असतील तर आउट, पलीकडे असतील तर होम रन आणि दोन धावा. निर्णय रिप्लेला गेला. भिंतीच्या अगदी रेषेत एक कॅमेरा होता, ज्यातून हे सरळ दिसलं असतं, पण त्याच क्षणी एक सुरक्षारक्षक त्याच्यासमोर आलेला होता. निर्णय बदलण्याइतका पुरावा मिळाला नाही, म्हणून मैदानावरचा निर्णय कायम राहिला. ह्यूस्टन तो सामना ८-६ ने हरलं.